मांजराच्या गळ्यात माळ



कुत्रे इमानी आणि मांजर बेइमान, हा निवाडा आपल्याकडे इतका मुरला आहे की त्यावर अपील करायला कोणी उभेच राहत नाही. कुत्रे माणसाला धरून राहते, मांजर घराला धरून राहते, असे जुनी माणसे सांगतात. धनी गेला तर कुत्रे अन्नपाणी सोडते आणि मांजर शेजारच्या घरी जाऊन दूध पिते, असेही वर जोडतात. आमच्या कुरुळीत संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर देवळाच्या ओट्यावर चार माणसे बसली आणि बोलणे जनावरांवर आले, की हे वाक्य हमखास निघते. ऐकणारे माना डोलावतात. त्याच वेळी पायरीवर एखादे मांजर पंजा चाटत बसलेले असते. त्याला या निकालाचे काही सोयरसुतक नसते.

या लेखात मांजराची वकिली करायची आहे, पण ती केवळ मांजरासाठी नाही. मांजराला आपण जो दोष लावतो तो नीट तपासला, तर आपण प्रेम कशाला म्हणतो ते उघडे पडते. हाक मारली की येईल ते प्रेम, सांगू ते ऐकेल ते प्रेम, दिलेल्याची आठवण ठेवील ते प्रेम. हे माप आपण जनावराला लावतो, पोटच्या मुलाला लावतो आणि न कळत पांडुरंगालाही लावतो. “एवढ्या वाऱ्या केल्या, देवाने काय दिले?” आणि “एवढे दूध पाजले, मांजराने काय केले?” हे दोन्ही प्रश्न एकाच पोटातून आलेले आहेत.

संतांच्या कथांत जनावरे पुष्कळ आहेत. ज्ञानोबारायांनी पैठणला रेड्यामुखी वेद बोलविले, त्या रेड्याची समाधी आमच्या गावावरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यानेच पुढे जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे. नामदेवरायांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. नाथबाबांनी रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली. माउलींच्या सोहळ्यात अश्वाचा मान केवढा, ते रिंगण पाहिलेल्याला सांगायला नको. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टीचा जो प्रसिद्ध श्लोक आहे त्यात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांची नावे आहेत. मांजराचे तिथेही नाही. इतक्या सगळ्या गोतावळ्यात घरात चुलीजवळ झोपणारा हा प्राणी कसा राहून गेला, असे वाटते.

पण तो राहून गेलेला नाही. ताहराबादच्या महिपतीबाबांनी १७६२ साली भक्तविजय पूर्ण केला, त्यात राका कुंभाराची कथा आहे. कीर्तनात ती आपण ऐकलेली असते, पण लक्ष राकाच्या वैराग्याकडे जाते आणि मांजरी मागे पडते. नामदेवरायांच्या काळात पंढरपुरात राका कुंभार राहत होता. बायकोचे नाव बांका, मुलीचे वंका. त्याने कच्ची मडकी आव्यात रचून ठेवली होती. त्यातल्या एका मडक्यात मांजरी व्याली. राकाला हे ठाऊक नव्हते. त्याने आवा पेटवला. मांजरी बाहेरून आली तो ज्वाळा उठलेल्या. ती आव्याभोवती ओरडत फिरू लागली आणि राकाच्या लक्षात आले. आता हात घालायलाही जागा नव्हती. त्याने विठ्ठलाला आळवले, पिल्ले वाचली तर सगळा संसार लुटवून देईन असे बोलला. आवा निवल्यावर पाहिले, तर सगळी मडकी भाजलेली आणि ते एक मडके कच्चेच, आत पिल्ले जिवंत. राकाने बोलल्याप्रमाणे घर लुटवले आणि पुढे ते कुटुंब रानातली लाकडे गोळा करून पोट भरू लागले.

या कथेत मांजरी राकासाठी काय करते? काहीही नाही. ती त्याच्या पायांशी येत नाही, त्याला विनवत नाही, आवा याचा आहे हेही तिला कळत नसावे. ती पिल्लांसाठी ओरडते, एवढेच. आधी कधी तिने राकाच्या घरचा उंदीर धरला होता, त्याची ही फेड, असेही कथा सांगत नाही. तिचे त्याच्यावर काही देणे नव्हते आणि त्याचे तिच्यावर काही घेणे नव्हते. तरी तिच्या ओरडण्याने तो आतून हलला. मांजर इमानी की बेइमान, हा प्रश्न त्या घटकेला त्याच्या मनाला शिवलासुद्धा नसेल. मला या कथेत चमत्कारापेक्षा हे मोठे वाटते.

आता दुसरी बाजूही पाहू, कारण मांजराविरुद्ध शास्त्रात पुरावा आहे. ढोंगी माणसाला मनुस्मृतीत ‘बैडालव्रतिक’ म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला असे नाव आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट येते. उंदीर त्याला साधू समजून जवळ करतात आणि एकेक करून त्याच्या पोटात जातात. तमिळनाडूत महाबलीपुरमला सातव्या शतकातले मोठे शिल्प आहे, त्यातही मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्या पायांशी उंदीर कोरलेले दिसतात. म्हणजे ही बदनामी जुनी आहे. पण उद्योगपर्वातली ती गोष्ट सांगतो कोण, हे पाहावे. दुर्योधन सांगतो. युधिष्ठिराला हिणवण्यासाठी उलूकाकरवी पाठवलेल्या निरोपात ती येते. ज्याने धर्मराजाला ढोंगी म्हटले त्याच्या तोंडची साक्ष मांजराविरुद्ध किती मोजायची, ते वाचकांनी ठरवावे.

शिवाय ढोंग हा माणसाचा धंदा आहे. मांजराला ढोंग साधतच नाही. नको असलेले खाणे पुढे ठेवले तर ते तोंड फिरवते, राग आला तर शेपटी आपटते, कुशीत यायचे नसेल तर अंग चोरून निसटते. उंदीर धरला तर अंगणाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत. मांजर डोळे मिटून दूध पिते आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे समजते, अशी म्हण आपण पाठ केली आहे. २०२० साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातील अभ्यासकांनी मांजराचे डोळे मिटणे नीट तपासले. माणसाने मांजराकडे पाहून डोळे हळूहळू अर्धवट मिटले की मांजरही तसेच डोळे मिटते आणि अशा अनोळखी माणसाजवळही जायला धजते, असे त्यांना दिसले. भरवसा वाटला की ते डोळे मिटते. आपण त्यालाच लबाडी म्हणून बसलो.

मांजर ऐकत नाही, ही खरी तक्रार आहे. इथे थोडे मागे जावे लागते.

बैलाला आपण वेसण घातली, घोड्याला लगाम, शेरडाला दावे, कुत्र्याला साखळी. मांजराला कोणी धरून आणले नाही. माणूस धान्य पिकवून साठवायला लागला, साठ्यावर उंदीर आले आणि उंदरामागे पश्चिम आशियातले रानमांजर आले. जगभरची घरातली मांजरे त्याच रानमांजराच्या वंशातली आहेत, असे २००७ साली त्यांच्या जनुकांच्या तपासणीतून दिसून आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे, त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आहे. एवढी जुनी ही सोबत. पण ती आज्ञेची सोबत कधीच नव्हती. आपण म्हटले राहा, ते राहिले. हुकूम पाळीन असे त्याने कधी कबूल केले नव्हते. मग जो करार झालाच नाही तो मोडल्याबद्दल त्याला बेइमान कसे म्हणायचे?

आमच्या भागात या सोबतीचे काय झाले, ते डोळ्यांसमोर आहे. पूर्वी घरोघर कणग्या होत्या, भिंतीत बळदे होती, ज्वारी-बाजरीची पोती माळ्यावर असत, आणि चाकणच्या बाजाराला जायचा कांदा चाळीत पडलेला असे. मांजर घरातले एक कामकरी माणूसच होते. भाकरी दुधात चुरून त्याच्यासाठी काढून ठेवत, कारण ते नसते तर वर्षाचे धान्य उंदरांनी नासले असते. मग कारखाने आले. मोशीकडून इंद्रायणी ओलांडून चाकणकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता शेड, गोदामे आणि भाड्याच्या खोल्या दिसतात. शेताचे प्लॉट झाले. धान्य पिशवीतून महिन्याला येते आणि पत्र्याच्या कोठीत जाते. गोदामात उंदरांसाठी विषाच्या गोळ्या आणि चिकट कागद ठेवतात. मांजराचे काम गेले. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही तडफडून मरते, ते वेगळेच.

काम गेलेल्या मांजराशी आपण कसे वागलो? पिल्ले झाली की पोत्यात घालून नदीपलीकडे नेऊन सोडायची, ही रीत गावोगाव आहे. हल्ली मोटारसायकल असल्यामुळे लांब नेऊन सोडतात. डोळे नुकते उघडलेली पिल्लेसुद्धा. मोठे मांजर कधी कधी चार-आठ दिवसांनी परत येते, पायाला जखमा, अंगाची हाडे निघालेली, आणि येऊन चुलीच्या जुन्या जागी बसते. मग घरातले कोणीतरी म्हणते, “बघा, घराला धरून राहते, माणसाला नाही.” ज्या माणसाने पोत्याचे तोंड बांधले त्याच्याच घरी ते परत आले आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. हजारो वर्षे ज्याने आपले धान्य राखले त्याला गरज सरताच टाकून द्यायचे, आणि बेइमान मात्र त्याला म्हणायचे. पाळलेल्या जनावराला असे टाकणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. पण आपल्याला कायद्याची आठवण कशाला हवी? आपण दररोज भूतदयेचे अभंग म्हणतो.

मांजराच्या बुद्धीबद्दलही असेच आहे. ऐकत नाही म्हणून त्याला कळत नाही, असे आपण धरून चालतो. मोठमोठे विद्वानही तसेच चालले. अमेरिकेत १८९८ साली थॉर्नडाइक नावाच्या अभ्यासकाने भुकेली मांजरे खोक्यात कोंडली, बाहेर खाणे ठेवले, आणि खिटी काढून ती किती वेळात बाहेर येतात ते मोजले. मांजर आधी उगाच ओरबाडते, मग चुकून खिटी निघते, पुढे सवयीने लवकर निघते. यात विचार काही नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. पुढे १९४६ साली गथ्री आणि हॉर्टन या दोघांनी खोक्यात एक दांडा उभा केला. तो कलला की दार उघडे. मांजरे त्या दांड्याला एकाच ठरावीक पद्धतीने अंग घासून जात. ते म्हणाले, पाहा, यंत्रासारखी तीच हालचाल पुन्हा पुन्हा. कितीतरी वर्षे हे पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. १९७९ साली मूर आणि स्टटर्ड यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, पण कधी माणूस समोर ठेवून आणि कधी माणूस दृष्टीआड करून. माणूस दिसत नसेल तेव्हा मांजर दांड्याला अंग घासतच नव्हते. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला पाहून ते आपल्या रीतीने रामराम घालत होते. खोक्यात कोंडलेले, भुकेले, तरी घालत होते. विद्वान लोक घड्याळ बघत होते.

जपानातील अभ्यासकांनी २०१३ साली मांजरांना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. धन्याची हाक आली की मांजराचे कान वळत, मान फिरे. परक्याच्या हाकेपासून ते ती हाक वेगळी ओळखत होते. पण उठून कोणी बहुधा येत नव्हते. २०१९ साली त्यांनी हेही दाखवले की मांजराला स्वतःचे नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखता येते. म्हणजे ऐकते, ओळखते, आणि उठत नाही. यावर हसू येते, पण मला ते वाचताना पहाटेचा काकडा आठवला. देवळातला आवाज घराघरात जातो. आपण ऐकतो, कोणाचा आवाज तेही ओळखतो, आणि कूस बदलतो. आपल्याला कोणी बेइमान म्हणत नाही. दार उघडे ठेवून टाळ वाजत राहतात.

मांजराचे नाव वेदान्तात मानाने येते ते एका ठिकाणी. रामानुजाचार्यांच्या परंपरेत शरणागतीवरून दोन पंथ झाले, साधारण ज्ञानोबारायांच्या काळाच्या आसपास त्यांची मांडणी पक्की होत गेली. एक मर्कटकिशोर न्याय सांगतो. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असते, तसा भक्ताने देवाला धरण्याचा यत्न करावा. दुसरा मार्जारकिशोर न्याय. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही, आई त्याला मानगुटीला धरून नेईल तिथे जाते. रामकृष्ण परमहंसही हा दृष्टान्त देत आणि मांजरीच्या पिल्लाकडे त्यांचा ओढा असे. आपल्या संप्रदायात विठ्ठलाला माउली म्हणतात, तेव्हा हा भाव आपल्यालाही परका नाही.

पण हा दृष्टान्त ऐकताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. सगळे पिल्लाबद्दल बोलतात, मांजरीबद्दल कोणी बोलत नाही. मानगुटीला धरून पिल्लू नेणारी मांजरी कोणाला विचारत नाही. धान्याच्या कोठीमागे ठेवलेली पिल्ले आपण पाहिली, हात लावला, की दुसऱ्या दिवशी ती जागा रिकामी असते. तिने रात्रीतून एकेक उचलून माळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या अडगळीत नेलेली असतात. आपला हेतू वाईट नव्हता, हे तिला पटवून देता येत नाही. तिचा निर्णय तिचा. ज्या पिल्लाच्या निर्धास्तपणाला आपण शरणागतीची उपमा केली, तो निर्धास्तपणा या आईच्या स्वतंत्र अकलेवर उभा आहे. आणि तेच पिल्लू तीन-चार महिन्यांत मोठे होऊन स्वतःच्या मर्जीने हिंडू लागते. मांजराच्या जन्मात शरण जाणे आणि स्वतंत्र असणे एकामागोमाग येतात, त्यांचे भांडण होत नाही.

आपल्याकडे मात्र ते भांडण लावून दिलेले आहे. भक्ती म्हणजे दास्य, दास्य म्हणजे स्वतःची मर्जी संपणे, असे सोपे गणित मांडले जाते. संतांनी स्वतःला देवाच्या दारातले कुत्रे म्हणवून घेतले, हे खरे आहे आणि त्यातली लीनता थोर आहे. पण त्यांना तसे कोणी बांधून ठेवले नव्हते. ज्याला साखळी आहे त्याने ‘मी तुझ्या दारात आहे’ म्हणण्यात काही विशेष नाही. वारीचेच पाहा. वारकऱ्याला कोणी आवतण धाडत नाही, हजेरीपट नाही, न गेल्यास दंड नाही. माणूस आपल्या मनाने उठतो, पेरणी उरकून पडशी खांद्याला लावतो आणि तिथी न चुकता चालू लागतो. नेम आहे, सक्ती नाही. मांजराचाही नेम असतो. कामावरून माणूस परतायच्या वेळेला ते दाराशी येऊन बसते, पण तुम्ही “ये” म्हटले म्हणून नाही. धरून मांडीवर बसवलेले मांजर मांडीवर असते, आलेले नसते. हा फरक मांजर पाळलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही.

आता कोणी म्हणेल, मांजराला ज्ञानी करून टाकू नका. बरोबर आहे. मांजराला वैराग्य नाही. मासळीचा वास आला की ते गीतेतल्या उदासीन पुरुषासारखे राहत नाही. त्याचा मोकळेपणा हा त्याचा स्वभाव आहे, साधना नाही. मी त्याला गुरू करा असे म्हणत नाही. त्याला मांजर राहू द्या, एवढेच.

आणि इथेच माळकऱ्याच्या घरातला खरा पेच सुरू होतो. गळ्यात तुळशीची माळ, पिढ्यान्‌पिढ्या घरात मांस शिजलेले नाही, आणि पहाटे स्नान करून तुळशीला पाणी घालायला जावे तो वृंदावनापाशी मेलेला उंदीर. काही घरांत त्या मांजराला झाडूने हाकलतात. काही घरांत त्याला सुधारायचे ठरवतात. दूध-भाकरीशिवाय काही द्यायचे नाही, दार बंद ठेवायचे, म्हणजे हळूहळू तेही माळकरी होईल. हेतू दयेचा आहे. पण मांजराचे शरीर त्या दयेला जुमानत नाही. त्याला टॉरीन नावाचे एक द्रव्य लागते, ते त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि भाजी-भाकरीत मिळत नाही, मांस-मासळीतच मिळते. ते न मिळाल्यास त्याच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊन ते आंधळे होते, हे १९७५ च्या सुमारास कळले, आणि हृदय दुबळे होऊन मरते, हे १९८७ साली कळले. मोठ्या मांजराला गाईम्हशीचे दूधही बहुधा पचत नाही, जुलाब होतात. आपण भक्तिभावाने पेढा पुढे करतो आणि ते हुंगून निघून जाते, त्यातही प्रसादाचा अवमान नाही. गोड चव कळण्यासाठी जिभेवर जे लागते ते मांजराच्या जातीत शाबूत नाही, असे २००५ साली सिद्ध झाले. त्याच्या जिभेला पेढा गोड लागतच नाही.

मग करायचे काय? माझे मत सरळ आहे. माळ मी घातली, ती माझ्या गळ्यात आहे. माळेला मोल आहे ते मी ती माझ्या मनाने घेतली म्हणून. खाता येत असून मी खात नाही, यात व्रत आहे. ज्याला दुसरे खाताच येत नाही त्याच्या गळ्यात माझी माळ अडकवणे म्हणजे माझ्या पुण्यासाठी त्याला उपाशी मारणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात प्रकृतीपुढे निग्रहाचे किती चालते, असा प्रश्न भगवंत ज्ञानी माणसाबद्दलही करतात, मग मांजराची काय कथा? ज्याला मांजराचे खाणे घरात सोसणार नाही त्याने मांजर पाळू नये, त्यात कमीपणा नाही. पण पाळले, दार लावून घेतले, बाहेर शिकार करू दिली नाही, तर त्याच्या देहाला लागते ते देणे पाळणाऱ्याकडे येते. हल्ली दुकानात मांजराच्या खाण्याच्या पुड्या मिळतात, त्यात मासळी-मांसाचा अंश असतो आणि टॉरीन घातलेले असते. माळकऱ्याने ती पुडी आणावी का? मला विचाराल तर आणावी, वेगळ्या भांड्यात, अंगणाच्या कडेला द्यावी आणि हात धुवावेत.

यावर उंदराचे काय, हा प्रश्न राहतो, आणि त्या पुडीतल्या मासळीचे काय, हाही राहतो. उंदरातही तोच विठ्ठल आहे. मांजराची बाजू घेताना ही टोचणी मला सुटलेली नाही, आणि ती सुटू नये असेच वाटते. सर्वांभूती देव म्हणणे कीर्तनात सोपे आहे. वृंदावनापाशी एक देव दुसऱ्या देवाला तोंडात धरून उभा असतो तेव्हा ते अवघड होते. अशा वेळी संतांनी कोणाला झाडूने मारल्याचे ऐकिवात नाही.

तुकोबारायांची एक कथा कीर्तनकार सांगतात. शेतात महाराज गेले की पाखरे भुर्रकन उडून जात. महाराजांना वाईट वाटले, आपल्यात अजून काही परकेपण उरले आहे म्हणूनच ही भितात. मग ते हालचाल न करता उभे राहिले, पाखरे निर्भय होऊन अंगाखांद्यावर येईपर्यंत. पाखरांना त्यांनी बोलावले नाही, दाणे टाकून भुलवले नाही. ती दूर जातात यात दोष पाखरांचा नाही, हे त्यांनी आधी धरले. मांजराच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. ते जवळ येत नाही, म्हणून ते खोटे.

मुलांच्या बाबतीतही तेच. आमच्या पट्ट्यात घरटी एक तरी जण कंपनीत आहे, पहिली पाळी, दुसरी, रात्रपाळी. म्हातारी माणसे दिवसभर एकटी. मुलगा जेवायला आला आणि गप्प बसला की म्हातारीला वाटते, याला आपली किंमत नाही. तोच गप्प बसलेला मुलगा निजण्यापूर्वी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून जातो. प्रेमाचा आवाज आपल्याला हवा तसा आला नाही, की ते नाहीच असे आपण ठरवतो. त्या म्हातारीच्या पायांशी रात्री मांजर येऊन निजते. तिने ते बोलावलेले नसते. तिला मात्र ते आले याचे अप्रूप वाटते, कारण मांजराकडून तिने काही धरलेलेच नसते. मुलाकडून धरलेले असते. मुलाच्या तांब्याकडे ती त्याच नजरेने पाहील, तर किती बरे होईल.

आता ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून आणि अष्टमीला आळंदीतून पालख्या निघतील. कुरुळीच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, त्यामुळे आमच्याकडची कितीतरी घरे तीन आठवडे कुलूपबंद होतात. गाईम्हशींची सोय आपण आधी लावतो, दूध कोण काढील, वैरण कोण टाकील. कुत्र्यालाही शेजाऱ्याकडे भाकरीची सोय होते. मांजराचे मात्र “ते बघेल त्याचे ते” असे म्हणून दार ओढून घेतात. पूर्वी ते खरेही होते, शिवारात उंदीर होते. आता शिवारच उरले नाही आणि उरलेल्या उंदरांच्या पोटात विष आहे. म्हणून निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या कोणाला तरी सांगून जावे. पाण्याचे भांडे पडवीत, सावलीला, रोज बदललेले. खाण्याची पुडी उंदीर-मुंग्या लागणार नाहीत अशा डब्यात. पिल्लांचा वेत वारंवार होत असेल तर जनावरांच्या डॉक्टरकडून त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे पोत्याची वेळच येणार नाही. आणि मांजर सहसा जिथे निजते ती खिडकीची फट, गोठ्याचा कोपरा किंवा माळ्याची फळी कुलूप लावताना बंद करू नये. वारीहून परत आल्यावर ते लगेच भेटायला येईलच असे नाही. पडवीत बसून राहील, तुमच्याकडे न पाहता पंजा चाटील. पडशी खाली ठेवून, पाय धुऊन, आपले आपण घरात जावे.